इंग्रजी विभागातील एक साक्ष

विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांतील घडामोडी आपल्या मंडळ्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. आणि पोहोचल्या तरी पाळकांना व उपदेशकांना त्यांचे काय, असे म्हणून त्या बाजूला ठेवल्या जातात. तथापि एका घडामोडीकडे आपण अवश्य लक्ष द्यावयास हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 साली इंग्रजीच्या ऑनर्स पदवीसाठी जो आदर्श अभ्यासक्रम सिद्ध केला, त्यातील स्त्रीलेखनाच्या अभ्यासपत्रिकेत पंडिता रमाबाईंनी 1907 साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष नेमलेली आहे. ‘आपल्या अक्षय निधीची साक्ष’ असा तिच्या मथळ्याचा अर्थ. मीरा कोसंबी यांनी संपादित केलेल्या रमाबाईंच्या निवडक लेखनात, 2000 साली, ती पुन्हा छापली गेली व विद्यार्थ्यांच्या हाती आली. तिच्या शेजारी मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांचा स्त्रियांच्या हक्कांवरील 1792 सालचा ग्रंथ आहे, आणि लपूनछपून अक्षरे शिकलेल्या बंगालच्या राससुंदरी देवींचे आत्मचरित्र आहे.

एका ख्रिस्ती स्त्रीने मंडळीपुढे दिलेली साक्ष अशा रीतीने साहित्याचा पाठ झाली. याचा केवळ अभिमान मानून थांबणे बरे नव्हे, आणि ‘पवित्र गोष्ट जगाच्या हाती गेली’ म्हणून खेद करणेही बरे नव्हे. ते लोक ही साक्ष कशी वाचतात आणि आपण ती कशी वाचतो, हे तपासून पाहणे अधिक हिताचे आहे.

साक्षीची मांडणी प्रथम ध्यानात घेऊ. पूर्वार्धात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब आहे. पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविणारा पिता आहे. तीर्थयात्रा, दुष्काळ व आईबापांचा मृत्यू आहे. पुढे कलकत्त्यात, पडद्यातील स्त्रियांपुढे व्याख्याने देण्याच्या निमित्ताने, रमाबाई धर्मशास्त्रे वाचतात आणि त्यांना आढळून येते की, इतर बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रिया व शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमत आहेत. उत्तरार्धात इंग्लंड, वाँटेज येथील भगिनीमंडळ, 1883 सालचा बाप्तिस्मा, आणि त्यानंतर आठ वर्षांनी झालेली ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख आहे.

इंग्रजी विभागाचा कल साहजिकच पूर्वार्धाकडे असतो. वुल्स्टनक्राफ्ट यांच्या शेजारी ठेवताच शास्त्रांची ती चिकित्सा उठून दिसते, आणि उत्तरार्ध हा त्या काळच्या धार्मिक लेखनाचा एक नमुना म्हणून मागे पडतो. आमच्या व्यासपीठांवरून याच्या नेमके उलट घडते. पूर्वार्ध ‘अंधाराचे वर्णन’ म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो आणि प्रवचन बाप्तिस्म्यापाशी येऊन स्थिरावते. दोन्ही वाचनांत ग्रंथ दुभंगतो. माझे म्हणणे एवढेच की, ही साक्ष एकसंध आहे, आणि तिची संधी जिथे आहे ती जागा दोन्ही बाजूंचे वाचक ओलांडून जातात.

ती जागा म्हणजे लंडनमधील फुलहॅम. वाँटेजच्या भगिनींनी पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम पाहण्यास रमाबाईंना तेथे पाठविण्यात आले. ज्या स्त्रियांना समाजाने टाकले त्यांची कोणी दयेने सेवा करीत आहे, हे त्यांनी प्रथमच पाहिले. असे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, त्यांना वाचून दाखविली. कलकत्त्यात शास्त्रे वाचताना उठलेला प्रश्न असा होता : मला येथे जागा आहे काय? त्याला सिद्धांताच्या रूपाने उत्तर मिळाले नाही. सेवेचे काम दिसले आणि त्या कामामागची विहिरीकाठची कथा ऐकू आली, तेच उत्तर. ज्याने पूर्वार्धातील प्रश्न गंभीरपणे घेतला नाही त्याला फुलहॅमचे महत्त्व कळणार नाही. आणि जो फुलहॅमपाशी थांबला नाही त्याला तो प्रश्न अनुत्तरितच वाटेल. पुढे केडगावी उभे राहिलेले ‘कृपासदन’ हे याच भेटीचे फळ होय.

आणखी एक भाग आपण सोयीने गाळतो. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंना ख्रिस्ती पंथांची परस्परविरोधी मते ऐकून गोंधळल्यासारखे झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे वाक्य बाहेरच्यांना उद्देशून नाही. ते आपल्याला उद्देशून आहे. शास्त्रांची चिकित्सा करणारी तीच बुद्धी मंडळीचीही चिकित्सा करते. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांनी मतस्वातंत्र्यासाठी जो पत्रवाद केला, तो 1977 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यावरूनही हेच दिसते.

वाङ्मय या दृष्टीने साक्षीत उणेपणा नाही असे नाही. आरंभीचे कथन संयमी व रेखीव आहे. आईबापांच्या मृत्यूच्या प्रसंगीही लेखिका विव्हळत नाही. शेवटी शेवटी मात्र वचनांची दाटी होते, तत्कालीन उपासना-सभांची ठरीव भाषा डोकावते आणि कथेचा ओघ मंदावतो. हे मान्य करण्यात रमाबाईंचा अनादर नाही. मथळ्यातील ‘आपल्या’ या शब्दाकडे मात्र पाहावे. लेखिका ‘माझा’ निधी म्हणत नाही. आत्मचरित्र आणि साक्ष यांतील भेद या एका शब्दात आहे, आणि तो इंग्रजी विभागाला समजावून सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

आता आपल्या भागाविषयी. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी भाषेची स्थिती तीच आहे : घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि पुढे शिकावयाचे तर इंग्रजी. येथील एखादी मुलगी इंग्रजी घेऊन नागपूरला किंवा दिल्लीला गेली, तर केडगावच्या रमाबाई तिला इंग्रजीतून भेटण्याचा संभव आहे. ज्या रमाबाईंनी साध्या स्त्रियांना कळावे म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणले आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते काम संपविले, त्यांचा परिचय मराठी घरातील मुलीला परभाषेतून व्हावा, ही आपल्या शिक्षणातील उणीव आहे. शिवाय 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई याच मध्य प्रांतात आल्या होत्या आणि येथून निराधार मुलींना घेऊन गेल्या होत्या. आपला प्रदेश त्यांच्या कार्याला परका नाही.

ती मुलगी सुटीत घरी येईल आणि उपासनेनंतर विचारील : रमाबाईंनी स्त्रियांविषयी जे लिहिले ते आपल्या मंडळीलाही लागू पडते काय? त्या वेळी ‘ही विद्यापीठाची भाषा आहे’ असे म्हणून उपदेशकाने तिला गप्प करू नये. प्रश्न विद्यापीठाचा नाही. तो रमाबाईंचा आहे, आणि त्यांनी तो विश्वास ठेवण्यापूर्वी विचारला तसाच नंतरही विचारला. उत्तर द्यावयाचे तर आधी साक्ष सबंध वाचलेली असावी, योहानाचा चौथा अध्याय उघडलेला असावा आणि आपल्या गावातील टाकलेल्या स्त्रियांसाठी मंडळी काय करीत आहे, हे दाखविता यावे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. परंतु रमाबाईंना उत्तर मिळाले ते तिच्यामुळेच.