पिंकर्टन संस्थेचा इतिहास : निवेदक कोण?

खाजगी गुप्तहेर संस्थांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रारंभीच एक अडचण जाणवते. अमेरिकेतील या व्यवसायाची परंपरा शिकागोच्या ज्या पिंकर्टन संस्थेपासून सांगण्याचा प्रघात आहे, तिचा आद्य इतिहासकार तिचा मालकच आहे. ग्लासगो येथे १८१९ मध्ये जन्मलेला व पिंपे बनविण्याचा धंदा करणारा ॲलन पिंकर्टन १८४२ मध्ये अमेरिकेस गेला. १८५० च्या सुमारास त्याने ही संस्था काढली. १८७१ च्या शिकागोच्या आगीत तिचे दप्तर जळाले आणि १८७४ पासून पिंकर्टनच्या नावावर हेरकथांची पुस्तके निघू लागली. दप्तर गेले, कथा मात्र वाढल्या.

पिंकर्टन आपल्या माणसांस ‘ऑपरेटिव्ह’ म्हणे. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द गिरणीतल्या कामगारासही लावीत. मराठीतील ‘गुप्तहेर’ या शब्दात ही अर्थच्छटा उतरत नाही. कौटिल्याचा गूढपुरुष राजाचा सेवक. ‘ऑपरेटिव्ह’ हा पैसे मोजणाऱ्या अशिलाचा. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून या संस्थेविषयीच्या साहित्याचे मूल्यमापन संभवत नाही.

पेनसिल्व्हेनियातील ‘मॉली मॅग्वायर’ प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. रेल्वे व कोळसा कंपन्यांचा अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन याने संस्थेस नेमले. जेम्स मॅकपार्लंड १८७३ मध्ये खोट्या नावाने आयरिश खाणकामगारांत मिसळला. पुढे त्याची साक्ष झाली, खटल्यांत गोवेनने स्वतः सरकारपक्षातर्फे काम चालविले आणि १८७७ ते १८७९ या काळात २० जण फाशी गेले. फिर्यादी, हेर व वकील एकाच बाजूचे असता निवेदन तटस्थ कसे राहावे? फाशीचे सत्र सुरू झाले त्याच १८७७ साली पिंकर्टनचे या प्रकरणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात हेर कोण हे वाचकास आरंभापासून ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक कामगाराकडे तो हेराच्याच डोळ्यांनी पाहतो.

कॉनन डॉइलने ‘द व्हॅली ऑफ फिअर’ (१९१५) मध्ये हीच सामग्री घेतली, परंतु हेराची ओळख अखेरपर्यंत झाकून ठेवली. रचनेच्या दृष्टीने ही सुधारणा निर्विवाद होय. तथापि दृष्टिकोन बदलला नाही. कामगारांचे गाऱ्हाणे येथेही पार्श्वभूमीतच राहते आणि दोष सर्वस्वी गुप्तमंडळीच्या माथी येतो. रहस्य वाढले, सत्यशोधन वाढले नाही.

खरा पालट डॅशिएल हॅमेटने घडविला. १९१५ ते १९२२ या काळात, मध्यंतरीचे खंड वगळता, त्याने पिंकर्टन संस्थेतच नोकरी केली होती. ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या कादंबरीचा निवेदक निनावी असून ‘ऑपरेटिव्ह’चेच संक्षिप्त रूप ‘ऑप’ हे त्याचे अभिधान आहे. येथे संप मोडण्यासाठी गुंड आणतो तो खाणमालक, आणि पुढे तेच गुंड शहर बळकावतात. नोकराच्या तोंडी निवेदन येताच अशील प्रथमच संशयाच्या कक्षेत आला, हे या कादंबरीचे श्रेय आहे.

कादंबरीने जे दाखविले त्यास संस्थेच्या इतिहासात आधार आहे. १८९२ मध्ये होमस्टेड येथील पोलाद कारखान्याच्या तंट्यात सुमारे ३०० पिंकर्टन रक्षक आणले गेले. चकमकीत दोन्ही पक्षांचे लोक मेले. १८९३ मध्ये अमेरिकी सरकारला अशा संस्थांची माणसे नेमण्यास कायद्याने मनाई झाली. सिनेटच्या चौकशीनंतर १९३७ मध्ये कामगारांवरील हेरगिरी संस्थेने सोडली. फाशी गेलेल्यांपैकी जॅक केहो यास पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७९ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, मरणोत्तर माफी दिली.

म्हणून हेरकथेच्या अभ्यासकाने ‘गुन्हेगार कोण?’ या प्रश्नापूर्वी ‘हेराचे वेतन कोण देतो?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. तो न विचारल्यास अशिलासाठी लिहिलेला अहवाल आपण इतिहास म्हणून वाचू लागतो. आणि ज्यांना स्वतःचा अहवाल लिहिता आला नाही, ते आपल्याही लेखनात आरोपीच राहतात.