खोलीतला कुत्रा कुणासाठी?

समुपदेशनाच्या खोलीत प्राणी असावा का, हा आजचा विषय. याची बाजू घेणारे लोक फ्रॉइडची गोष्ट हमखास सांगतात. व्हिएन्नातल्या त्याच्या खोलीत योफी नावाची चाऊ जातीची कुत्री असायची आणि तिच्यामुळे रुग्ण निवांत होत, असं म्हणतात. माझा आक्षेप असा, की ही गोष्ट कुत्रीच्या मालकाच्या बाजूनं सांगितलेली आहे.

रुग्णाची बाजूही उपलब्ध आहे बरं का! अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल, म्हणजे एच. डी., १९३३ साली फ्रॉइडकडे गेली. त्या दिवसांवरचं तिचं ‘ट्रिब्यूट टू फ्रॉइड’ हे पुस्तक १९५६ मध्ये निघालं. पहिल्याच भेटीत फ्रॉइड बजावतो, हिला हात लावू नका, परक्यांवर ही दात चालवते. तरी एच. डी. खाली वाकते आणि योफी तिला लाडानं बिलगते. इथवर सगळं गोड. पण पुढे एकदा तास संपत आलेला असताना योफी खोलीत फिरू लागते आणि एच. डी. चिडते. तिला वाटतं, प्राध्यापकांचं लक्ष माझ्या कहाणीपेक्षा या कुत्रीकडेच जास्त आहे.

बघा, ही कुत्र्यांना भिणारी बाई नव्हे. म्हणजे पहिल्या दिवशीचा होकार कायमचा धरता येत नाही.

उलट उदाहरणही आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६२ च्या लेखात कुत्र्याला सहचिकित्सक म्हटलं. त्यांच्या जिंगल्सशी एका मुलाची योगायोगानं गट्टी जमली. पण तिथे पुन्हा त्याच्याशी खेळायला यायचंय, हे त्या मुलानंच सांगितलं. फरक इथे आहे.

आपल्याकडे कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कुणाला केसांची ॲलर्जी असते, कुणाच्या घरी कुत्र्याला शिवणंच चालत नाही. आणि मदत मागायला आलेला माणूस डॉक्टरांच्या लाडक्या कुत्र्याला नको म्हणेल कसा? तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण संमती म्हणतो, ही तर्कातली चूक आहे आणि नीतीतलीही.

म्हणून कुत्रा समोर नसताना, आधी फोनवरच विचारावं. नंतरही अधूनमधून विचारत राहावं. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. त्या खोलीत स्वतःबद्दल खुलासे द्यायचं ओझं त्याच्यावर आधीच पुष्कळ असतं.