मॅकला न लाभलेले तीन खेळ

संगणकावरील खेळांची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या कृतींत कथानक आहे, पात्रें आहेत आणि जी आपल्या रसिकाकडून विचाराची अपेक्षा करते, ती टीकेच्या कक्षेंतून वगळण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. मात्र या कलेला एक बंधन आहे, जें ग्रंथाला नाहीं. ग्रंथ कोणत्याहि दिव्याखालीं वाचतां येतो. खेळ ज्या यंत्रासाठीं रचला असेल त्याच यंत्रावर उघडतो. ज्यांच्या घरीं अ‍ॅपल कंपनीचा मॅक आहे, त्यांना या बंधनाचा प्रत्यय वारंवार येतो. चांगल्या खेळाची कीर्ति कानीं पडते, आणि चौकशीअंतीं कळतें कीं तो केवळ विंडोजसाठीं आहे.

मॅक हें खेळांच्या बाबतींत जन्मदरिद्री यंत्र आहे असें मात्र नव्हे. 'मिस्ट' हा गाजलेला खेळ १९९३ सालीं प्रथम मॅकवरच प्रसिद्ध झाला. विंडोजकडे तो पुढील वर्षीं गेला. 'हेलो'ची पहिली जाहीर ओळख १९९९ सालीं मॅकवर्ल्डच्या व्यासपीठावरून स्टीव्ह जॉब्स यांनींच करून दिली होती. परंतु दुसऱ्याच वर्षीं त्याची निर्माती बंजी ही संस्था मायक्रोसॉफ्टनें विकत घेतली, २००१ सालीं तो खेळ एक्सबॉक्सवर अवतरला, आणि मॅकवर आला तेव्हां २००३ साल संपत आलें होतें. २००६ पासून 'बूट कॅम्प' या सोयीनें मॅकवरच विंडोज बसवून घेतां येत असे. २०२० सालीं अ‍ॅपलनें स्वतःच्या रचनेचे प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला, आणि त्या नव्या मॅकांपुरती ती वाटहि बंद झाली.

अलीकडे दिवस पालटले आहेत असें सांगण्यांत येतें, व तें अंशतः खरें आहे. 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ २०२३ सालीं व 'सायबरपंक २०७७' हा २०२५ सालीं मॅकवर आला. पण हे दोन्ही मोठ्या भांडवलाचे व मोठ्या गाजावाजाचे खेळ. आमचें मन ज्यांच्यासाठीं हळहळतें ते खेळ निराळे आहेत. विंडोजच्या यंत्रावर ते पाहण्याचा योग आम्हांस आला, म्हणून त्यांविषयीं चार शब्द लिहितों.

पहिला 'आउटर वाइल्ड्स' (२०१९). अ‍ॅलेक्स बीचम यांनीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून याचा आरंभ केला. एका चिमुकल्या सूर्यमालेंत आपण यान घेऊन निघतों. बावीस मिनिटांनीं सूर्याचा स्फोट होऊन सर्व कांहीं भस्मसात् होतें, आणि आपण पुन्हा आरंभींच्या शेकोटीपाशीं जागे होतों. इतर खेळांत नायक शस्त्रें व संपत्ति जमवितो. येथें एका फेरींतून दुसऱ्या फेरींत कांहीं नेतां येत असेल तर तें केवळ ज्ञान. एका लुप्त समाजाचे लेख वाचीत वाचीत आपण विश्वाच्या अंताचें कारण शोधतों. यान हांकण्याची विद्या साधेपर्यंत नवख्याची फार त्रेधा उडते, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. तथापि जिज्ञासा हाच ज्याचा स्थायीभाव आहे, असा दुसरा खेळ आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरा 'पेंटिमेंट' (२०२२). सोळाव्या शतकांतील बव्हेरियांत एका मठाच्या लेखनशाळेंत काम करणारा आंद्रेआस हा चित्रकार याचा नायक आहे. मठांत खून होतो, व तपासाचें काम त्याच्यावर येतें. पात्रें येथें तोंडानें बोलत नाहींत; त्यांचें भाषण पडद्यावर लिहिलें जातें, आणि ज्याची जशी विद्या तसें त्याचें अक्षर. मठवासीयाचें वळणदार गॉथिक, शेतकऱ्याचें ओबडधोबड, आणि मुद्रकाच्या घरचें तर खिळे जुळवून छापलेलें. मोडी आणि बाळबोध या दोन लिप्यांमागें दोन जगें उभीं होतीं हें जाणणाऱ्या मराठी वाचकाला यांतील मर्म सांगावयास नको. अपुऱ्या पुराव्यावर कोणाला तरी दोषी ठरविणें प्राप्त होतें, आणि त्या निर्णयाची सावली गांवावर वर्षानुवर्षें पडून राहते. मधला भाग संथ आहे खरा. पण इतिहासाची अशी निष्ठा कादंबरींतहि विरळा.

तिसरा 'राजी' (२०२०), पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशीं दुर्गेचा वरदहस्त, भोंवतीं राजस्थानी वाड्यांची व पहाडी चित्रशैलीची शोभा, आणि कथेचे दुवे जोडणारे छायाबाहुल्यांचे प्रवेश, अशी याची मांडणी आहे. झुंजींत तोचतोपणा आहे आणि शेवट अकस्मात् तोडल्यासारखा वाटतो. आपल्या शहराचा म्हणून आम्ही हें दोष सोडून देणार नाहीं. पण निन्टेन्डो स्विच, विंडोज, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स इतक्या ठिकाणीं तो त्या वर्षीं पोहोंचला, आणि त्या यादींत मॅकचें नांव नव्हतें, याची चुटपुट पुणेकरास अधिकच लागते.

असें कां व्हावें? लहान संस्थांना दुसऱ्या यंत्राचा खर्च झेपत नाहीं, हें नेहमींचें उत्तर. तें पुरतें पटत नाहीं. लुकस पोप यांनीं जवळजवळ एकहातीं रचलेला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' २०१८ सालीं मॅक व विंडोज या दोहोंवर एकदमच निघाला. उलट 'पेंटिमेंट'ची निर्माती ऑब्सिडियन ही मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीच्या मालकीची. तिनें २०२४ सालीं तो खेळ प्लेस्टेशनवर व स्विचवर आणला, मॅकवर नाहीं. तेव्हां प्रश्न केवळ ऐपतीचा नसून मॅकवर रसिक आहेत असें निर्मात्यांना वाटतें कीं नाहीं, याचाहि आहे. आणि या अविश्वासाला अ‍ॅपलनेंहि कारण दिलें आहे. व्हॉल्व्हचा 'पोर्टल' २०१० सालीं मॅकवर आला, आरंभीं कांहीं दिवस तर विनामूल्य वाटला गेला. २०१९ सालच्या 'कॅटालिना' आवृत्तीनें ३२-बिट प्रणालीचे कार्यक्रम चालविणें बंद केलें, तो खेळ सुधारून निघाला नाहीं, आणि नव्या मॅकवर तो मुका झाला.

लिनक्सच्या रसिकांनीं या बाबतींत अधिक धोरण दाखविलें. १९९३ पासून चाललेल्या 'वाइन'च्या पायावर व्हॉल्व्हनें २०१८ सालीं 'प्रोटॉन' उभारलें. या दुभाष्याच्या मदतीनें विंडोजसाठीं रचलेले पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. मॅकवरहि 'क्रॉसओव्हर' नांवाचा असा दुभाषी विकत मिळतो, पण दुभाष्यावर विसंबलेल्या रसिकाला प्रत्येक कृतीची खात्री कशी मिळणार?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. कृतीवर मत बनण्यासाठीं ती अनेकांनीं पाहावी लागते, तिच्यावर घरांत व वर्गांत वाद व्हावा लागतो. जी कृति एकाच दारांतून आंत घेते, तिच्याविषयीं जाणता रसिकवर्ग कधींच पुरता तयार होत नाहीं; आणि तें दार मिटलें कीं तिची आठवणहि मिटते. 'डूम'चे कर्ते इड सॉफ्टवेअर यांनीं १९९७ सालीं त्याची मूळ संहिता खुली केली, आणि त्यामुळें तो खेळ आज जवळजवळ वाटेल त्या यंत्रावर चालतो. वरील तीन खेळांच्या कर्त्यांकडे आमची एवढीच मागणी आहे कीं, त्यांनीं मॅकची आवृत्ति काढावी; तें जमत नसेल तर, विक्रीचा बहर ओसरल्यावर तरी, 'डूम'चा कित्ता गिरवावा. मग तें काम करूं इच्छिणारे हात, आम्हांस वाटतें, पुण्यांतहि मिळतील.