‘गोरा’: राष्ट्रीयत्वाच्या दोन कसोट्या

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘गोरा’ (1910) ही कादंबरी भारतीय राष्ट्रीयत्वाच्या चर्चेत येते ती प्रामुख्याने तिच्या अखेरीसाठी. आपण 1857 च्या उठावात अनाथ झालेले आयरिश मूल आहोत, हे आचारनिष्ठ गोराला कळते. जातिधर्माचे पाश एकाएकी गळून पडतात आणि तो स्वतःला सर्वार्थाने भारतीय मानू लागतो. ज्या ख्रिस्ती दासीमुळे आनंदमयीच्या खोलीतील अन्नपाणी त्याने वर्ज्य केले होते, त्या लछमियाच्याच हातचे पाणी तो मागतो. बहुसांस्कृतिक राष्ट्राचे प्रतीक म्हणून हा प्रसंग वाचण्याचा प्रघात आहे.

या वाचनात एक मूलभूत अडचण आहे. गोराची मुक्ती त्याने निवडलेली नाही. ती जन्माच्या अपघाताने त्याला लाभली आहे. शिवाय सर्व समूहांच्या बाहेर पडल्यावरच भारतीय होता येत असेल, तर हिंदू, मुसलमान वा ख्रिस्ती म्हणूनच जगणाऱ्यांनी काय करावे? त्या अखेरच्या क्षणी लछमियाच्या वाट्यालाही पाणी आणण्यापलीकडे काही येत नाही.

याचे उत्तर कादंबरीतच, पण बऱ्याच आधी, घोषपूरच्या प्रसंगात आहे. नीळवाल्यांशी झगडणारा फरू सरदार तुरुंगात गेल्यावर त्याच्या मुलाला, तमिजला, गावातील हिंदू न्हावी आपल्या घरी सांभाळतो. त्यामुळे तहानलेला गोरा त्याच्या घरचे पाणी नाकारतो आणि नीळवाल्यांच्या ब्राह्मण तहसीलदाराकडे निघतो. अन्याय करणाऱ्याच्या घरी जेवून जात राखायची आणि मुसलमानाच्या पोराला जपणाऱ्याच्या घरी ती जाते असे मानायचे, यातील विसंगती त्याला असह्य होते. तो परततो, न्हाव्याचा लोटा स्वतः घासून विहिरीचे पाणी पितो.

लोटा घासणे ही समता नव्हे, हे उघड आहे. परंतु येथे गोरा स्वतःला ब्राह्मणच मानतो आणि त्या भूमिकेतूनच आपल्या आचाराला नीतीची कसोटी लावतो. न्हावी तर हिंदूपण न सोडता तमिजला आपला मानतो. त्यासाठी त्याला कोणत्याही जन्मरहस्याची गरज भासत नाही.

अखेरीचे राष्ट्र समूहभेदांच्या विलोपावर उभे आहे. घोषपूरचे राष्ट्र त्या भेदांसह पत्करलेल्या जबाबदारीवर. पहिले भव्य असले तरी ते एकट्या गोरालाच साध्य आहे. दुसरे अपुरे असले तरी कोणालाही साध्य आहे. ‘गोरा’ची समकालीनता शोधायची तर ती या दुसऱ्या पाण्याच्या घोटात शोधावी लागेल.