रिकामी पेटी, भरलेली चावडी

कथा-कवितेवर आपण रात्र रात्र भांडतो. मग ज्या मजकुरामुळं माणूस आत जातो नाहीतर मोकाट फिरतो, त्याची समीक्षा का नको? म्हणून मी फौजदारी कायदा वाचायला घेतला.

१८६० च्या दंडसंहितेत प्रयत्नाच्या कलमाखाली दोन उदाहरणं आहेत. एकजण दागिने चोरायला पेटी फोडतो, पेटी रिकामी निघते. दुसरा खिशात हात घालतो, खिशात काहीच नाही. दोघंही गुन्हेगार. २०२४ ला न्याय संहिता आली, कलम ५११ चं ६२ झालं, पेटी नि खिसा जागच्या जागी. तर्क पक्का आहे, माझा वाद नाही. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कोण आहे बघा. पेटीवाला! ज्याचं पाणी तोडायचं ठरतंय तो या उदाहरणांत कुठंच नाही.

कटाचं स्वतंत्र कलम नंतरचं. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत हार्डिंगवर बाँब पडला, १९१३ साली संहितेत १२०-अ, १२०-ब आली. गुन्हा करायचं दोघांनी ठरवलं की कट पुरा, हात उचलायचीही गरज नाही. साहेबाला भीती वाटली की कायदा कसा बोलण्यापर्यंत पोचतो!

आता शेजारी बाबासाहेबांचा मसुदा ठेवा. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या मागण्यांत बहिष्काराची कलमं आहेत, बर्माच्या १९२२ च्या कायद्यावरून घेतलेली. बहिष्कार टाकणं गुन्हा, चिथावणं वेगळा गुन्हा, धमकी देणं आणखी वेगळा. इथं लिहिणाऱ्याला गाव ठाऊक आहे. दुकानदार मीठ नाकारतो ती शेवटची पायरी. आधी चावडीत एकजण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात बहिष्कार आला तो आखडून. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात टाकणं आणि धमकी दोन्ही स्पष्ट आली २०१५ च्या दुरुस्तीनं. म्हणजे आज चावडीत तसं ठरलं तर ठरवणंच कट आहे. मीठ बंद व्हायची वाट बघायला नको.

आणि माघार घेणाऱ्याचं काय? मलकियत सिंग खटल्यात (१९६८) भाताचा ट्रक समालखा नाक्यावर अडवला होता, दिल्लीची हद्द १४ मैल पुढं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही तयारी, प्रयत्न नव्हे. वाटेत मन बदललं असतं, ट्रक मागं फिरला असता. ड्रायव्हर-क्लीनर सुटले. मला हा निकाल आवडतो. पण हे माप प्रयत्नाचं, कटाचं नव्हे. कटाला एकदा होकार दिला की नंतर घरी जाऊन झोपला तरी झालेला कट पुसला जात नाही. पुढच्या कृत्यांची जबाबदारी तेवढी कमी होऊ शकते. 'बैठकीला होतो, पण दुसऱ्या दिवशी गेलोच नाही' हे पालुपद ऐकलं की आपली माणसं गप बसतात. का बसता? अर्थात नुसती हजेरी म्हणजे कट नव्हे. होकार सिद्ध करावा लागतो, आणि आपल्या केसेस तिथंच ढेपाळतात.

आपली फिर्याद सुरू होते दगडापासून. अमुक वाजता दगड आला, तमुकानं शिवी दिली. दोस्तहो, आदली रात्रही लिहा. दवंडी कुणी दिली, बैठक कुठं भरली, पीठ-मीठ किती दिवस बंद ठरलं, आणि मधेच 'हे मला जमणार नाही' म्हणून कोण उठून गेला. तो उठलेला माणूस आधी गाठा, गाववाल्यांनी त्याला समजवायच्या आत.