घरच्या पडद्यावरचा जॉन चाचा

शनिवारी शब्बाथ सुटला की हॅम्बर्गमधील आमच्या घरी चार माणसे जमतात आणि एखादी तबकडी लावली जाते. इथे आपली माणसे मोजकीच, त्यामुळे प्रेक्षकही आम्हीच आणि टीकाकारही आम्हीच. अलीकडे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी ‘बूट पॉलिश’ची डी.व्ही.डी. आणली. १९५४ चा बोलपट, निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा, आणि जॉन चाचाच्या भूमिकेत आपले डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. त्या रात्री घरात जी मते पडली, त्यांचीच आधी झडती घ्यावी असे वाटते.

आजींचे मत तबकडी यंत्रात जाण्यापूर्वीच तयार होते. “आपला डेव्हिड आहे, त्यात बघायचं काय!” भाच्याचे मत अर्ध्या तासात तयार झाले : चित्र जुनाट, रडके, आणि त्यात पाऊस म्हणे उगाच मध्येच येतो.

हे पावसाचे म्हणणे ऐकून आम्ही चपापलो. मग ध्यानात आले की रिमोट भाच्याच्या हातात होता आणि गाणे सुरू झाले की तो ते ओलांडून पुढे जात होता! तुरुंगात जॉन चाचा आणि त्याचे टकले सोबती पावसाला साद घालतात, ते मन्ना डे यांनी गायिलेले गाणे त्याने पाहिलेच नव्हते. डोक्यावर केस उगवावेत म्हणून पाऊस मागण्याची ती थट्टा. आणि तोच पाऊस बाहेर पडू लागतो तेव्हा भोला आणि बेलू या दोन पोरक्या मुलांचा बूट पॉलिशचा धंदा बसतो. ज्या चाचाने त्यांना भीक सोडून कष्ट करायला शिकविले, त्यानेच हसत हसत मागितलेला पाऊस त्यांच्या पोटावर येतो. चित्राचा कणा असलेली ही जागा बोटाच्या एका दाबाने नाहीशी झाली, आणि वर दोष दिग्दर्शकाला! थिएटरात हे होत नसे. तिथे कंटाळलेला माणूस फार तर चहा प्यायला उठे, चित्र आपले चालूच राही.

जुने, काळे-पांढरे, परक्या भाषेतले, म्हणून मन लागत नाही, हे भाच्याचे दुसरे म्हणणे. हे त्याने हॅम्बर्गमध्ये तरी म्हणू नये. याच शहरात १९६३ साली ‘डिनर फॉर वन’ चित्रित झाले. सुमारे अठरा मिनिटांचे, काळे-पांढरे, आणि प्रास्ताविक सोडले तर इंग्रजीत. हा देश परदेशी चित्रांना सर्रास जर्मन बोलायला लावतो, पण फ्रेडी फ्रिंटनच्या त्या अडखळणाऱ्या बटलरला कोणी हात लावलेला नाही. दरवर्षी ३१ डिसेंबरला तो टेलिव्हिजनवर येतो आणि आमचा भाचा शेजाऱ्यांकडे बसून पोट धरून हसतो. तेव्हा रिमोट कोणाच्याच हातात नसतो.

आता आजींचे मत. ते प्रेमाचे आहे, पण प्रेमानेही पाहणे चुकतेच. डेव्हिडना या भूमिकेसाठी १९५५ साली फिल्मफेअर मिळाले, १९६९ साली पद्मश्री मिळाली, हे आजी सांगतात. पण त्यांनी केले काय, हे कोणी सांगत नाही. आमच्या मते त्यांची करामत अशी, की ते चाचाला संत होऊ देत नाहीत. हा माणूस स्वतः चोरटी दारू विकतो आणि मुलांना म्हणतो, हात पसरू नका. दुसरा नट इथे उपदेश करीत सुटला असता. डेव्हिडच्या मिस्कील चेहऱ्यावर मात्र आपल्याच बोलण्याची किंचित लाज दिसते, आणि म्हणून ते बोलणे खरे वाटते. कौतुकाच्या भरात आजींचे आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. हाताच्या कमाईचा एवढा घोष करून शेवट मात्र श्रीमंत घराच्या दत्तकविधानावर येतो. भुकेने हरलेला भोला स्टेशनवर हात पसरतो, हा प्रसंग प्रामाणिक आहे. त्यानंतरचे सुख आम्हाला उसने वाटले. बेबी नाझच्या बेलूने मात्र ते बरेचसे सावरून घेतले.

सर्वांत चांगले मत बारा वर्षांच्या नातीचे पडले, आणि तेही प्रश्न म्हणून. “आजी, हे आपले आहेत तर यांना जॉन का म्हणतात?” आजी गप्प झाल्या. आम्हीही. १९७९ च्या ‘बातों बातों में’मध्येही ते अंकल टॉमच होते. उलट बिमल रॉय यांच्या १९५८ च्या ‘यहूदी’त यहुदी जवाहिऱ्या एझ्रा रंगवला तो पारशी सोहराब मोदींनी. तो यहुदी रोमचा, नाटकी भाषेत गर्जना करणारा. कोकणातल्या तेलियाच्या घरातला, मराठी बोलणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा यहुदी आम्हाला त्या पडद्यावर कधी भेटला नाही. पडद्याला तो ठाऊक नव्हता, की आपणही तो कधी दाखवू मागितला नाही, यावर त्या रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि मिटला नाही.

नातीला तबकडीवरच्या इंग्रजी ओळी भराभर वाचता येत नाहीत, तिची वाचायची भाषा जर्मन. तेव्हा आम्ही त्या ओळी बंद केल्या, रिमोट आजींकडे दिला आणि पावसाचे गाणे पहिल्यापासून लावले. आजी थांबवून थांबवून मराठीत सांगत होत्या. भाचा पाणी प्यायला म्हणून उठला होता, तो दारातच उभा राहिला.