दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आणि हिंदुस्थानी संगीत : १९६०–६९

लाँग प्ले किंवा एल्.पी. या नावाने सर्वपरिचित असलेली, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी आणि एका बाजूस सुमारे वीस ते पंचवीस मिनिटे वाजणारी ध्वनिमुद्रिका. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ती १९४८ मध्ये बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९६० नंतरच्या दशकात झाला. त्यापूर्वीची लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. प्लॅस्टिकच्या नव्या तबकडीवरील खाचा अतिसूक्ष्म असल्याने वादनकाळ सहा-सातपट वाढला, खरखर कमी झाली आणि मुद्रण आधी चुंबकीय फितीवर होऊ लागल्यामुळे कलावंतावरील दडपणही काहीसे ओसरले. हा बदल तांत्रिक स्वरूपाचा असला, तरी हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत त्याचे परिणाम तंत्रापुरते राहिले नाहीत. कोणती गायकी टिकावी, कोणते वाद्य प्रतिष्ठा पावावे आणि पुढील पिढीने ख्यालाचा आकार कोणता मानावा, हे प्रश्न या दशकातील तबकड्यांनी पुष्कळ अंशी निकालात काढले. आणि तो निकाल सर्वांना सारखाच न्याय देणारा नव्हता.

तीन मिनिटांची तबकडी ही केवळ अडचण होती, असा एक समज रूढ आहे. तो पूर्णपणे खरा नाही. गौहरजान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या, तेव्हापासून अर्धशतकाच्या काळात संक्षेपाची एक स्वतंत्र कला निर्माण झाली. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रिकांत रागाचे सारे मर्म एखाद्या अत्तराच्या थेंबासारखे साठलेले आहे. त्यांत काही उणे आहे असे ऐकणाऱ्यास वाटत नाही. परंतु ज्या गायकीचा प्राण संथ बढतीत आहे, तिला या मर्यादेत स्थान नव्हते. किराणा परंपरेतील अब्दुल वहीदखाँ (मृत्यू १९४९) हे अतिविलंबित लयीत एकेका स्वराची दीर्घकाळ बढत करीत. त्यांचे गाणे आज माहीत आहे, ते मुख्यतः लाहोर नभोवाणीवरील १९४७ च्या सुमाराच्या मोजक्या कार्यक्रमांच्या मुद्रणामुळे. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी तर ध्वनिमुद्रिका दिलीच नाही. महाराष्ट्रातील एका मोठ्या घराण्याच्या प्रवर्तकाचा आवाज कसा होता, हे आता केवळ शिष्यांच्या गाण्यावरूनच अनुमानावे लागते.

हिंदुस्थानी संगीताची पहिली उल्लेखनीय दीर्घवादन ध्वनिमुद्रिका परदेशात निघाली. सरोदवादक अली अकबरखाँ (१९२२–२००९) हे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्या निमंत्रणावरून १९५५ मध्ये न्यूयॉर्कला गेले असता, तेथे त्यांनी सिंधुभैरवी व पिलू हे राग मुद्रित केले. तबल्यावर चतुरलाल होते. प्रारंभी मेन्युइन यांनी पाश्चात्त्य श्रोत्यांसाठी थोडे निवेदन केले आहे. पुढील वर्षी रविशंकर (१९२०–२०१२) यांची तीन रागांची ध्वनिमुद्रिका लंडनमध्ये निघाली. वाद्यसंगीत भाषेच्या आड येत नाही, त्यामुळे परदेशात त्याला प्रथम वाट मिळावी हे स्वाभाविक होते. कंठसंगीताची कसोटी मात्र भारतातच लागावयाची होती.

ही कसोटी अमीरखाँ (१९१२–७४) यांच्या मारवा व दरबारी या रागांच्या १९६० मधील ध्वनिमुद्रिकेने लावली. दशकातील सर्वांत महत्त्वाची ख्यालमुद्रिका म्हणून तिचाच निर्देश करावा लागतो. अमीरखाँ हे इंदूरच्या सारंगीवादक शाहमीरखाँ यांचे पुत्र. रीतसर मोठ्या घराण्याची तालीम न लाभल्याने त्यांनी अब्दुल वहीदखाँ यांची संथ आलापी, रजब अलीखाँ यांच्या ताना आणि मेरुखंड पद्धतीचा स्वरविस्तार यांतून आपली गायकी स्वतः घडविली. मैफलीत ती काही श्रोत्यांना कोरडी वाटे. त्यांच्या गाण्यात श्रोत्याला खेचून घेणारी लयीची झटापट नव्हती, आणि दाद मिळविण्यासाठी समेवर येण्याचा सोसही नव्हता. झुमऱ्याच्या चौदा मात्रांचे आवर्तन अतिशय मंद गतीने फिरत राही आणि गायक मंद्र सप्तकात स्वरांची एकेक शक्यता तपासत जाई.

ही अंतर्मुख गायकी ध्वनिमुद्रिकेला विलक्षण मानवली. मारव्यात पंचम वर्ज्य आणि षड्‌जावर फार काळ थांबावयाचे नाही. त्यामुळे कोमल ऋषभ व शुद्ध धैवत यांच्यामध्ये स्वर अधांतरी राहतो. ही अस्वस्थता टिकवून धरण्यास काळ लागतो आणि नेमका तोच काळ नव्या तबकडीने दिला. खोलीत एकट्याने ऐकणाऱ्या श्रोत्याला येथे मैफलीतील गर्दी, दाद व प्रतीक्षा यांची उणीव भासत नाही. किंबहुना ती नसल्यानेच गाणे अधिक जवळ येते. दरबारीची बाजूही तोलामोलाची आहे. तथापि तिच्यात रागाचे भारदस्तपण आधीपासून परिचित असल्याने मारव्याइतका धक्का बसत नाही. ही ध्वनिमुद्रिका पुढे अनेक विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तकच ठरली. घराण्याबाहेर राहून आपली वाट शोधणाऱ्या गायकाला अशा प्रकारे प्रत्यक्ष शिष्यवर्गाच्या पलीकडे एक अदृश्य शिष्यवर्ग मिळाला. १९७४ मध्ये कलकत्त्यास मोटार अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा हा वर्ग भारतभर पसरलेला होता.

बडे गुलाम अलीखाँ (१९०२–६८) यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानात राहून ते परतले आणि १९५७ मध्ये त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. १९६० च्या मुगल-ए-आझम या चित्रपटातील त्यांच्या गायनाने संगीताशी एरवी संबंध नसलेल्या लाखो लोकांपर्यंत त्यांचा आवाज पोहोचला. पुढे पक्षाघाताचा झटका आला. त्यातून सावरून पुत्र मुनव्वर अलीखाँ यांच्या साथीने ते गात राहिले. गुणकली व मालकंस यांची त्यांची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका सुरेल व भरदार असली, तरी समोरच्या श्रोत्याकडे पाहून क्षणात रंग बदलणारे त्यांचे गाणे बंद खोलीत काहीसे आवरते होते. त्यांची ठुमरी मात्र जुन्या छोट्या तबकड्यांतही अस्सल वाटते.

दशकाच्या उत्तरार्धात एक वेगळाच प्रकार पुढे आला. त्यापूर्वीची ध्वनिमुद्रिका ही कोणत्यातरी मैफलीची प्रतिमा असे. कॉल ऑफ द व्हॅली ही १९६७ मध्ये मुंबईत मुद्रित झालेली रचना कोणत्याही मैफलीची प्रतिमा नव्हती. ती ध्वनिमुद्रिकेसाठीच कल्पिलेली कृती होती. काश्मीर खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस व पहाडी या क्रमाने उभा करावयाचा, अशी तिची योजना. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया (१९३८– ) यांची बासरी व ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांची गिटार, असा तिघांचा मेळ तीत आहे. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. निर्मितीची सूत्रे जी. एन. जोशी यांच्याकडे होती. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताच्या आरंभकाळी नाव मिळविलेले हे वकील-गायक पुढे एच्.एम्.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. दशकातील अनेक मोठे कलावंत ध्वनिक्षेपकासमोर बसले, ते त्यांच्या आर्जवामुळे. त्यांच्या या कामाची नोंद संगीताच्या इतिहासात गायकांच्या मानाने फारच थोडी झाली आहे.

या तिन्ही वाद्यांना रागसंगीताच्या मैफलीत परंपरागत आसन नव्हते. संतूर हे काश्मिरातील सूफियाना संगीताचे वाद्य. त्यावर मींड निघत नाही, म्हणून जाणकारांनी शिवकुमार शर्मांना प्रारंभी फार विरोध केला. बासरीला पन्नालाल घोष (१९११–६०) यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, परंतु चौरसियांची उपजीविका त्या काळी आकाशवाणी व चित्रपटांचे वाद्यवृंद यांवरच होती. हवाइयन गिटार तर परकीयच. ध्वनिक्षेपकाने या वाद्यांचे नाजूक नाद मोठे केले आणि ध्वनिमुद्रिकेने त्यांना घराण्यांच्या दरबाराबाहेरून थेट श्रोत्यांकडे नेले. या दृष्टीने ही मुद्रिका मुक्तिदायी होती. संगीतदृष्ट्या मात्र तिचे मूल्यमापन सावधपणे केले पाहिजे. अहिरभैरव व भूप यांतील परस्परसंवाद संयत व सुंदर आहे. कोणीही आपले पांडित्य मिरवीत नाही. पण राग हा येथे प्रसंगाची पार्श्वभूमी रंगविण्याचे साधन होतो. त्याचा स्वतःचा युक्तिवाद उलगडत नाही. या कृतीच्या अफाट यशानंतर ऋतू, प्रहर, नद्या, पर्वत अशा विषयांवरील रागमुद्रिकांचे पेव फुटले. मूळ कृतीतील संयम त्यांतील थोड्यांनाच साधला.

पौर्वात्य-पाश्चात्त्य मीलनाचे प्रयोग याच काळातील. रविशंकर व मेन्युइन यांची वेस्ट मीट्स ईस्ट (१९६७) ही मुद्रिका ग्रॅमी पारितोषिकाची मानकरी ठरली. तीत मेन्युइन यांची नम्रता जाणवते. ते आधी लिहून घेतलेले स्वर निष्ठेने वाजवितात, मात्र उत्स्फूर्त उपज हा जो या संगीताचा गाभा, तो त्यामुळे एकट्या सतारीकडेच राहतो. लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर व जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांनी इंडो-जाझ स्वीट (१९६६) सादर केली. कलादृष्ट्या ती अधिक धाडसी आहे, कारण जाझ वादकांना उपज परकी नाही. मुंबईत शंकर-जयकिशन यांनी रईसखाँ यांची सतार व चित्रपटांच्या वाद्यवृंदातील जाझ वादक यांना एकत्र आणून रागा-जाझ स्टाइल (१९६८) काढली. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा वाटा फार मोठा असूनही चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर त्यांची नावे क्वचितच येत. अशा मुद्रिकेत हे वाद्यवृंदीय कौशल्य स्वतंत्रपणे ऐकू येते, हे तिचे ऐतिहासिक मोल. रागाचा विचार मात्र तीत वरवरचाच आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स वृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी आपल्या वंडरवॉल म्यूझिक या मुद्रिकेचा काही भाग मुंबईच्या एच्.एम्.व्ही. कलागृहात मुद्रित केला, तोही भारतीय वादकांच्याच आधारे.

कर्नाटक संगीतात एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी (१९१६–२००४) यांच्या १९६३ मधील वेंकटेश-सुप्रभातम् मुद्रिकेने वेगळेच कार्य केले. देवळातील पहाटेचा पाठ तिने घराघरांत नेला. संगीताची कृती म्हणून तिच्यात विस्ताराला वाव नाही. तिची थोरवी उच्चारांच्या शुद्धतेत व स्वराच्या निर्विकार स्थैर्यात आहे.

या यशांच्या मागे वगळलेल्यांची यादीही मोठी आहे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची ध्यानी राहणारी मुद्रणे जुन्या तबकड्यांचीच; १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांतून पाठविलेल्या सुवर्णमुद्रिकेत त्यांची जी भैरवी आहे, तीही तशीच तीन-साडेतीन मिनिटांची. त्यांच्या गुरुभगिनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची मुद्रणे त्यांच्या अधिकाराच्या मानाने अत्यल्प आहेत. अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) यांनी सुरबहारवादनाची एकही मुद्रिका काढू दिली नाही. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर (१९२१–५५) यांना तर काळानेच वगळले. नवी तबकडी भारतात रुजण्यापूर्वी चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. ज्यांची मुद्रिका निघाली ते मोठे आणि ज्यांची निघाली नाही ते दुय्यम, असा एक अलिखित क्रम पुढे रूढ झाला. संगीतसमीक्षेनेही तो फारशी शंका न घेता स्वीकारला, हा तिचा मोठा दोष होय.

ख्यालाच्या आकारावरील परिणाम तितकाच खोल आहे. एका बाजूला एक राग; पंधरा-सोळा मिनिटे विलंबित, उरलेल्या वेळात द्रुत बंदीश, तबकडी संपण्यापूर्वी तानांची चढण. कंपनीच्या सोयीची ही मांडणी हळूहळू आदर्श समजली जाऊ लागली. मैफलीत दीडदोन तास चालणारा राग ऐकण्याची सवय कमी होत असतानाच ही सुटसुटीत प्रतिमा घरोघरी पोहोचली, त्यामुळे तिची तुलना करण्यास दुसरे काही श्रोत्याजवळ उरले नाही. सतारवादक निखिल बॅनर्जी (१९३१–८६) यांना कलागृहातील मुद्रणाचे आकर्षण नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्ष मैफलींची मुद्रणे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या हयातीतील तबकड्यांत त्यांच्या वादनाचा किती अंश मावला नव्हता, हे प्रथमच ध्यानात आले. अशा मैफलींच्या खाजगी फिती रसिकांच्या घरांतून पुढे येऊ लागल्या. ध्वनिफितींच्या प्रसारानंतर १९८० च्या पुढे दीर्घवादन तबकडीचे उत्पादन भारतात झपाट्याने घटत गेले.